उजवीकडे पडलेली गाडी

"गाडी पडली त्याचं एवढं नाही," दारातली बाई म्हणाली. "ती उजवीकडे पडली, ते मला मान्य नाही."

खासगी तपासाच्या त्या छोट्या कचेरीत दोन माणसं होती. टेबलामागे चणीने लहान, चाळिशी ओलांडलेली एक स्त्री होती. खिडकीपाशी, गळ्यात शिंप्याची टेप अडकवलेले एक वयस्कर गृहस्थ होते. ते तिचे मामा. लहानपणी त्यांनी तिला चिमणी म्हटलं आणि पुढे सगळं गाव तेच म्हणू लागलं. पदार्थविज्ञान शिकून चिमणीने बरीच वर्षं विमा कंपनीसाठी मोडक्या वस्तू तपासल्या होत्या. आता ती स्वतःच्या हिमतीवर तपास करायची. मामांनी जन्मभर विजारी शिवल्या होत्या. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून ते भाचीच्या कचेरीत येऊन बसत आणि तिला मदत करतो असं सगळ्यांना सांगत.

"बसा," चिमणी म्हणाली. "उजवीकडे का मान्य नाही?"

"मोटरसायकलचा साइड स्टँड डावीकडे असतो. गाडी त्याच्यावर डावीकडे कलून उभी राहते. स्टँड नीट लागला नाही तर ती डावीकडेच पडणार. माझी गाडी उजवीकडे पडली आणि स्टँड जागच्या जागी उघडा होता. आणि मला शिकवतायत स्टँड कसा लावायचा."

"कोण शिकवतंय?"

"सगळे."

बाई तंत्रशाळेत यंत्रांचं ड्रॉइंग शिकवत होत्या. मुलं त्यांना पट्टीबाई म्हणत, आणि का म्हणत ते मामांना विचारावं लागलं नाही. बाई चौकटीतून वाकून आत आल्या होत्या.

त्यांनी लांब पल्ल्याची नवी मोटरसायकल घेतली होती आणि तिच्यावरचं सगळं जोडकाम स्वतः केलं होतं. दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या आणि त्या धरणारी फ्रेम त्यांनीच आखली, कापली, वेल्डिंग केली. पुढची उंच काच, जास्तीचे दोन दिवे, दिव्यांवरच्या दगड अडवणाऱ्या जाळ्या, चिखलात रुतू नये म्हणून स्टँडखाली जोडलेला जाड पत्रा, सगळं त्यांच्या हातचं.

"आमचा ग्रुप परवा सकाळी डोंगरापलीकडच्या दौऱ्यावर निघतोय. माझी फ्रेम पाहून ग्रुपमधल्या पाच जणांनी तशीच करून मागितली. म्हणजे मागितली होती. शनिवारी मी शाळेत असताना ग्रुपचे कॅप्टन गाडी तपासून गेले. दौऱ्याआधी प्रत्येकाची गाडी ते तपासतात आणि स्टिकर लावतात, अशी आमच्याकडे पद्धत आहे. दुपारी मी घरी आले. पेट्यांत सामान भरलं. झाकणं लावली. शटर उघडायला वळले आणि मागे धाडकन आवाज."

"वाऱ्यानं?" मामांनी विचारलं.

"बंद गॅरेजमध्ये वारा कुठला, काका."

"हो, तेही खरंच."

"संध्याकाळी कॅप्टननं ग्रुपवर लिहिलं. घरगुती जोडकामामुळे गाडी उभ्या उभ्या पडली, उद्या रस्त्यावर कुणाच्या जिवावर बेतेल, म्हणून या वहिनी दौऱ्यावर येणार नाहीत. पाचही जणांनी कळवलं की फ्रेम नको." "नवरा म्हणतो, गाडी विकून टाक. मी म्हटलं, आधी मला विक."

मामा हसले. बाई हसल्या नाहीत.

"मला भरपाई नको. माझी चूक असेल तर दाखवा, मी ग्रुपसमोर उभी राहून सांगेन. दुसऱ्याची असेल तर त्यानं ग्रुपसमोर सांगावं. गुपचूप काही मिटवायचं नाही."

चिमणी उठली. "चला, गाडी बघू."

---

गॅरेज घराच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूला नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उजव्या भिंतीकडे किंचित उतरती होती. गाडी पुन्हा स्टँडवर उभी केलेली होती. काचेची कड तडकली होती आणि उजव्या पेटीला पोचा आला होता. पेट्या रिकाम्या होत्या.

"पडली तेव्हा कोणत्या पेटीत काय होतं?"

"उजवीकडे हत्यारं आणि हवेचा पंप. डावीकडे कपडे. उजवी जड असणार हे मला माहीत होतं, ते धरूनच सगळं ठरवलं होतं."

चिमणी गाडीभोवती सावकाश फिरली. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर गेलेली एक बारीक लाल रेघ होती.

"हे काय?"

"नेलपॉलिश. बोल्ट आवळला की रेघ मारते. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबून दिसतं. ग्रुपमध्ये यावरून खूप चेष्टा झाली. कॅप्टन म्हणाले, वहिनींनी गाडीला लग्नाला नेण्यासारखं सजवलंय."

"पडल्यानंतर रेघा पाहिल्यात?"

"सगळ्यात आधी. एकही तुटलेली नाही."

सीटखाली डाव्या बाजूला एक काळी गोल मूठ होती. तिच्यावरही तशीच रेघ होती आणि ती शेजारच्या रेघेला बरोबर भिडली होती.

"ही मूठ कशाची?"

"मागच्या स्प्रिंगच्या ताणाची. ओझं वाढलं की ताण वाढवायचा, मग गाडीची मागची बाजू उचलली जाते. मी भरलेल्या पेट्या धरून एकदा ताण ठरवला आणि रेघ मारली. परत हात लावलेला नाही. फिरवून फिरवून मनगट दुखतं."

"मी जरा बसून बघते."

"बसा, पण पाय पुरायचे नाहीत. माझी धाकटी बहीण अगदी तुमच्याएवढी. मागच्या आठवड्यात बसली तर पाय लोंबत होते, पाळण्यातल्या बाळासारखे."

पट्टीबाईंनी हँडल धरलं. चिमणी चढून बसली आणि गाडी सरळ केली. दोन्ही चवडे जमिनीला टेकले. तिने खाली पाहिलं, उतरली आणि पुढच्या दिव्यांपाशी उकिडवी बसली. दिव्यांवरच्या जाळ्यांच्या तारांत चिलटांचे चुरगळलेले पंख रुतले होते. काच मात्र लख्ख होती.

"जाळ्या कधी बसवल्यात?"

"शुक्रवारी संध्याकाळी. सगळ्यात शेवटचं काम तेच. त्यानंतर गाडी बाहेर काढलेलीच नाही."

"समोरच्या भिंतीवर खडूची आडवी रेघ आहे ती?"

"दिव्यांची. पेट्या रिकाम्या असताना गाडीवर बसून, उजेडाचे दोन्ही गोल त्या रेघेवर आणून दिवे पक्के केलेत. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाऊ नयेत म्हणून."

चिमणीने शटर खाली ओढलं. पट्टीबाई गाडीवर बसल्या आणि दिवे लावले. भिंतीवर दोन पांढरे गोल उमटले, खडूच्या रेघेच्या वर.

"पडल्यामुळे हलले," पट्टीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मामा, तुझी टेप दे कामाला लावून. दोन्ही गोल रेघेच्या किती वर आहेत?"

मामांनी उत्साहाने माप घेतलं. "डावा एवढा. उजवापण एवढाच. अगदी जुळ्या बाह्या."

"छान," चिमणी म्हणाली. कशाला छान म्हटलं ते मामांना कळलं नाही.

तेवढ्यात आतल्या दाराने पट्टीबाईंचे यजमान आले. बायकोइतकेच उंच, गॅरेजच्या ट्यूबलाइटखालून मान वाकवून जायची त्यांना सवय होती.

"शनिवारी इथं कोणकोण आलं?" चिमणीने विचारलं.

"सकाळी अॅक्सेसरीच्या दुकानाचे मालक आले होते. पेटीच्या झाकणाचं रबर बदलून द्यायचं होतं. मग कॅप्टन. दोघांनाही मी शटर उघडून दिलं आणि दुकानात गेलो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा चढवून ठेवल्या होत्या, त्याला तसंच कसं सोडणार?"

"किल्ली?"

"कॅप्टनना दिली. इंजिन, दिवे तपासायला लागते. दुकानदार आले तेव्हा ती त्या खिळ्यावर होतीच. कॅप्टनचं बराच वेळ चाललं होतं. मी परत आलो तर स्टिकर लावून काच पुसत होते. माणूस व्यवस्थित आहे हो."

"आणि तुम्ही स्वतः गाडीला हात लावलात?"

"मी? मला स्कूटरच पुरते." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "ताई, तुम्ही हिला समजवा. मला गाडीचं वावडं नाही. शनिवारी ती पडली तेव्हा मला वाटलं ही खाली सापडली. त्या आवाजानंतर तिची हाक येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक."

"हे तू मला नाही सांगितलंस," पट्टीबाई म्हणाल्या.

"तू विचारलंस कुठे. तू रेघा बघत होतीस."

---

अॅक्सेसरीचा दुकानदार उंच स्टुलावर बसून हेल्मेटांच्या काचा पुसत होता. स्टूल उंच होतं तरी त्याचे दोन्ही पाय फरशीवर आरामात पसरले होते. पट्टीबाईंचं नाव निघताच त्याने फडकं बाजूला ठेवलं.

"त्या बाईंनी माझं गिऱ्हाईक तोडलं, हे मी तोंडावर सांगतो. पाच जण माझ्याकडून फ्रेम घेणार होते. ते त्यांच्याकडे गेले."

"म्हणजे गाडी पडल्याचा तुम्हाला आनंद झाला."

"झाला. खोटं कशाला बोलू? पण पाडायला मी कशाला जाऊ? त्या स्टँडखालच्या पत्र्यानं काम केलं. पत्र्यानं स्टँड उंच होतो, गाडी कमी कलते. कमी कलली की एक दिवस पलीकडे जाते. मी त्यांना आधीच म्हटलं होतं."

"पत्रा कधीपासून आहे?"

"झाला की महिना." तो घुटमळला. "महिनाभर उभी राहिली खरी."

"फ्रेम कशी आहे?"

दुकानदाराने पुन्हा फडकं उचललं. "माझ्यापेक्षा चांगली आहे. हे बाहेर बोलू नका."

कॅप्टनचं फरश्यांचं शोरूम होतं. ते मात्र बाहेरच, आपल्या मोटरसायकलवर बसलेले सापडले आणि बोलणं संपेपर्यंत तिच्यावरून उतरले नाहीत. रुंद खांदे, पिळदार मिशा, पायांत जाड तळाचे, उंच टाचांचे बूट. त्यांच्या गाडीचं सीट होडीसारखं खोलगट कोरून घेतलेलं होतं.

"वहिनींचा राग येण्याचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "माझ्यावर चाळीस माणसांची जबाबदारी आहे. हौस म्हणून घरी भरतकाम करावं, गाडीचं जोडकाम नाही."

"तुम्ही स्टिकर लावलंत. म्हणजे तपासणीत गाडी पास होती."

"उभी होती तेव्हा ठीक वाटली. मी काही ती चालवून पाहिली नाही. पडल्यावर डोळे उघडले."

"नेमके दोष कोणते?"

"एक आहे का? काच गरजेपेक्षा उंच. पेट्या रुंद. दिव्यांच्या जाळ्या वाऱ्यात शिट्टी मारतात, डोकं उठतं. बोल्टला नेलपॉलिश, ते तर सोडाच." त्यांनी गाडीला किक न मारता नुसती रेस दिल्यासारखी मूठ पिळली. "तुम्ही गाडी चालवता का, ताई?"

"नाही."

"मग राहू द्या. ज्याचं त्यानं करावं."

"अगदी हेच मी म्हणणार होते," चिमणी म्हणाली.

परतताना मामा म्हणाले, "चिमणे, मला वाटतं दुकानदारच. मनात राग आहे आणि पत्र्याचं त्याला बरोबर ठाऊक."

"राग बोलून दाखवणारा माणूस सहसा दुसरं काही लपवत नाही. तुला त्या दोघांत वेगळं काय दिसलं?"

"मला काय दिसणार, मला विजारी दिसतात. दुकानदाराला कापड जास्त लागेल. कॅप्टनचं माप घ्यायचं तर आधी बूट काढायला लावीन. दोन बोटं तळ, वर टाच. बूट धरून विजार शिवली तर घरी चपलेवर जमीन झाडत फिरेल."

चिमणी वाटेतच थांबली.

"मामा, उद्या दुपारी टेप घेऊन ये. आणि जरा बरा सदरा घाल. पाहुणे येणारेत."

---

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमध्ये उभं राहायला जागा नव्हती. ज्या पाच जणांनी फ्रेम नको म्हणून कळवलं होतं त्यांना पट्टीबाईंनी बोलावलं होतं. यजमान होते, दुकानदार होता. कॅप्टन सगळ्यात शेवटी आले आणि शटरच्या तोंडाशीच हाताची घडी घालून उभे राहिले.

"तक्रार अशी आहे," चिमणीने सुरुवात केली. "बाईंच्या जोडकामामुळे गाडी पडली. आधी ती कशी पडली ते पाहू. स्टँड उघडा होता आणि ती स्टँडच्या उलट बाजूला गेली. म्हणजे ती पुरेशी कललेली नव्हती. जवळजवळ सरळ उभी होती. त्यात फरशीला उजवीकडे उतार आणि उजवी पेटी जड. शेवटचं सामान भरल्यावर एवढं ओझं पुरलं."

"पत्रा," दुकानदार पुटपुटला.

"पत्र्यानं गाडी थोडी सरळ होते हे खरं. पण बाईंनी ते धरून मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवला होता. मागची बाजू उंच झाली की गाडी स्टँडवर जास्त कलते. पत्र्यानं घेतलं ते ताणानं भरून दिलं. महिनाभर गाडी त्याच फरशीवर, त्याच उतारावर उभी होती. मग शनिवारी काय बदललं? मागची बाजू खाली आली होती."

"कशावरून?" कॅप्टननी विचारलं.

"माझ्या पायांवरून. माझ्या उंचीच्या बाईचे पाय मागच्या आठवड्यात या गाडीवरून लोंबत होते. माझे टेकले. माझे पाय काही रातोरात वाढलेले नाहीत."

कुणीतरी हसलं.

"दुसरा पुरावा भिंतीवर आहे. मागची बाजू बसली की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड वर चढतो. उजेडाचे गोल रेघेच्या वर गेले होते. बाईंना वाटलं, पडल्यामुळे दिवे हलले. पण गाडी उजवीकडे पडली. धक्का लागला तर उजव्या दिव्याला लागेल, डावा का हलेल? आणि दोन्ही अगदी सारखे वर का जातील? त्यातून पेट्या रिकाम्या होत्या. दिवे बसवतानाही रिकाम्याच होत्या, म्हणजे ओझ्यानं मागची बाजू दबली असंही नाही. दिवे हलले नव्हते. गाडीच हलली होती."

"पण मुठीवरची रेघ जुळत होती," पट्टीबाई म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं."

"तिथंच सगळी गोम आहे. बसा गाडीवर. शटर ओढा कुणीतरी."

पट्टीबाई बसल्या. दिवे लागले. दोन्ही गोल कालच्याच जागी, रेघेच्या वर होते.

"मामा, ती मूठ ताण वाढवायच्या बाजूला फिरव. रेघ जुळली की सांग."

मामा गुडघ्यावर बसले. मूठ कटकट करत फिरू लागली.

"जुळली," मामा म्हणाले.

भिंतीवरचे गोल किंचित खाली सरकले होते.

"थांबू नको."

"परत जुळली." गोल आणखी उतरले. "अगं, ही तर दर फेऱ्याला जुळते."

"फिरव."

मामा फिरवत राहिले. दर वेळी ते "जुळली" म्हणत आणि दर वेळी आवाज थोडा बारीक होत गेला, कारण मनगट भरून आलं होतं. सगळे भिंतीकडे पाहत होते. दोन्ही गोल खडूच्या रेघेवर येऊन नेमके बसले तेव्हा मामा शेवटचं "जुळली" म्हणाले आणि फरशीवरच बसकण मारली.

"बोल्ट सुटला की रेघ तुटते," चिमणी म्हणाली. "पण ही मूठ अनेक फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात रेघ एकदा जुळतेच. कुणीतरी ताण सैल केला. काम झाल्यावर पूर्ण परत फिरवायला वेळ नव्हता किंवा कंटाळा आला. त्यानं जवळची जुळणी गाठली आणि सोडून दिलं. बाई रेघ बघतात हे त्याला माहीत होतं. रेघ जुळलेली दिसेल, एवढीच काळजी त्यानं घेतली."

"यात माझीही चूक आहे," पट्टीबाई शांतपणे म्हणाल्या. "मुठीला एक रेघ पुरत नाही. फेरे मोजता येतील अशी खूण हवी होती."

"आहे. ती तुम्ही सुधाराल. आता दुसरा प्रश्न. ताण सैल कशाला करायचा? गाडी पाडायला? तसं करणारा माणूस रेघ जुळवत बसला नसता, आणि ती केव्हा पडेल हे त्यालाही ठाऊक नसतं. ताण सैल केला की गाडी ठेंगणी होते. ठेंगणी गाडी कुणाला हवी असते? ज्याला ती चालवायची आहे आणि पाय पुरत नाहीत त्याला. आणि ती चालवली गेली होती. शुक्रवारी बसवलेल्या जाळ्यांत चिलटं रुतलेली आहेत. उभ्या गाडीवर चिलट बसतं. वेगातल्या गाडीवर आपटतं. काचेवरची पुसली गेली, जाळीतली राहिली."

यजमानांनी हळूहळू मान वळवली. "काच तर तुम्ही पुसत होता," ते कॅप्टनना म्हणाले.

"धूळ होती," कॅप्टन म्हणाले. "काच पुसणं गुन्हा आहे का? इथं शनिवारी तीन माणसं गाडीपाशी एकटी होती."

"तीन होती," चिमणी म्हणाली. "यजमान मान वाकवून दारातून येतात. दुकानदारांचे पाय उंच स्टुलावरूनही जमिनीवर पसरतात. या दोघांना ताण सैल करायची गरजच नाही."

"म्हणजे माझी उंची काढताय तुम्ही?"

"उंचीच्या बाबतीत मी तुमच्याही खाली आहे, त्यात काढायचं काय? पण उंचीवरून मी कुणावर आरोप करणार नाही. तुम्ही काल मला गाडीचे दोष सांगितलेत. त्यात एक होता, जाळ्या वाऱ्यात शिट्टी मारतात."

"मारतात. कुणाच्याही मारतात."

"नाही मारत," दुकानदार अचानक म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. त्यालाच थोडं अवघडल्यासारखं झालं. "मी विकतो त्या तरी नाही. या बाईंनी घरी तारा वाकवून केल्यात. त्या वाजतात की नाही, हे मलाही माहीत नव्हतं."

"मलाही नाही," पट्टीबाई म्हणाल्या. "जाळ्या लावल्यापासून मी गाडी चालवलेलीच नाही."

त्यांनी कुणाला विचारलं नाही. शटर वर केलं, हेल्मेट चढवलं आणि गाडी बाहेर काढली. माणसं बाजूला झाली. इंजिनाचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि परत येऊ लागला. गाडी वेगाने दारासमोरून गेली तेव्हा इंजिनाच्या आवाजावर एक बारीक, अखंड शिट्टी तरंगत गेली.

मामांनी कानामागे हात धरला. "सुरात आहे," ते म्हणाले.

पट्टीबाई परत आल्या आणि गाडी स्टँडवर लावली. ती डावीकडे निवांत कलली. त्या कॅप्टनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या जवळून दोघांच्या उंचीतला फरक सगळ्यांना दिसत होता, म्हणून असेल, त्या एक पाऊल मागे सरल्या.

"तपासणीला आलात तर गाडी चालवून बघा, माझी हरकत नव्हती. पाय पुरत नसतील तर मला सांगायचं, मी ताण सैल करून दिला असता. चालवलीत, लपवलंत, आणि माझं नाव कापलंत. कशासाठी?"

कॅप्टनची हाताची घडी सुटली होती. "मला खात्री होती की त्या पेट्या वेगात थरथरणार," ते म्हणाले. "ते सिद्ध करायला काढली. परत आलो तेव्हा दुकानातून बोलण्याचे आवाज येत होते, वाटलं आता हे येतील. रेघ जुळवली आणि... संध्याकाळी पडल्याचं कळलं. तोवर ग्रुपवर लिहूनही झालं होतं."

"कळल्यावर लिहिलंत," पट्टीबाई म्हणाल्या.

कॅप्टनची नजर स्वतःच्या बुटांवर गेली.

"माफी नंतर मागा. आधी मला एक सांगा, या पाच जणांसमोर. माझी गाडी कशी चालली?"

दुकानदार आपल्या नखांकडे पाहत होता.

"सरळ," कॅप्टन म्हणाले.

"पेट्या?"

"हलल्या नाहीत."

"किती वेगात?"

"माझी गाडी जाते त्याच्या वर." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "वहिनी, मी ग्रुपवर लिहितो."

"लिहा. आणि वहिनी नको. ग्रुपमध्ये मी कुणाची वहिनी म्हणून आलेले नाही. सगळे पट्टीबाई म्हणतात, तुम्हीही म्हणा."

पाचांपैकी एकाने घसा साफ केला. "पट्टीबाई, ते फ्रेमचं आमचं..."

"दौऱ्यावरून आल्यावर," त्या म्हणाल्या. "आणि रांगेत उभं राहावं लागेल."

---

सकाळी गाड्या निघताना मामांनी हट्टाने चिमणीला चौकात आणलं. पट्टीबाईंचे यजमान तिथेच होते. त्यांनी बायकोच्या हेल्मेटची काच स्वतःच्या रुमालाने पुसून दिली, उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा एकदा पुसली.

"विकायची ना?" पट्टीबाईंनी विचारलं.

"आधी मला विक," ते म्हणाले.

मुठीवर आता रेघेशेजारी, जितके फेरे तितक्या लाल ठिपक्यांची ओळ होती.

"त्या जाळ्यांचं काही करा," चिमणी म्हणाली. "तारा थोड्या तिरक्या वाकवल्यात तर शिट्टी थांबेल."

"माहीत आहे मला," पट्टीबाई म्हणाल्या आणि गाडी चालू केली. "पण राहू दे. मागच्यांना कळायला नको, पुढे कोण आहे ते?"

कॅप्टननी आपली गाडी एका बाजूला घेतली. चाळीस गाड्यांच्या तोंडाशी ती शिट्टी सुरू झाली आणि रस्ता वळेपर्यंत ऐकू येत राहिली.